घाटमाथ्यावरचं ऊन

सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरही न जाता दहिवडी लागते, आणि तिथं पाचशे मिलिमीटर पडला तरी माण तालुक्यातला शेतकरी साल बरं गेलं म्हणतो. सांगली जिल्ह्याचंही तसंच. चांदोलीच्या जंगलाला लागून असलेली शिराळ्याची गावं पावसाळाभर ओलीचिंब असतात, तेव्हा जत आणि आटपाडीत लोक आभाळाकडं बघत असतात. जुलैच्या एकाच दुपारी या दोन जिल्ह्यांच्या पश्चिम टोकाला दिवा लावून स्वयंपाक करावा लागतो आणि पूर्व टोकाला डोळ्यांवर हात धरल्याशिवाय समोरचं दिसत नाही.

ड जीवनसत्त्वाचा विचार करायला इतका सोयीचा मुलूख दुसरा शोधून सापडणार नाही. कारण हे जीवनसत्त्व अन्नातून थोडं आणि कातडीतून जास्त मिळतं. साधा हिशेब मांडला तर पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत त्याची टंचाई आणि पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत सुकाळ असायला हवा. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा का चुकतो हे समजून घेतलं तर डोंगरातल्या बाईची कंबर का धरते आणि माणमधल्या बाईची का धरते, दोन्हींचं उत्तर मिळतं.

आधी कातडीत काय घडतं ते पाहू. कातडीच्या पेशींत कोलेस्टेरॉलपेक्षा रचनेनं फारसा वेगळा नसलेला एक पदार्थ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटातले, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्यावर पडले की त्याच्या रेणूतलं एक कडं उघडतं, आणि मग शरीराच्या उबेनं त्याचं हळूहळू ड जीवनसत्त्व बनतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथं त्याचं रूप बदलतं. प्रयोगशाळेत रक्त तपासतात तेव्हा हेच यकृतातलं रूप मोजलं जातं. पुढं मूत्रपिंडात ते आणखी एकदा बदलतं आणि खऱ्या अर्थानं कामाला लागतं. काम मुख्यतः एकच, आतड्यातून कॅल्शियम आत ओढून घेणं. हे जीवनसत्त्व पुरेसं असेल तर जेवणातल्या कॅल्शियमपैकी तीस-चाळीस टक्के अंगी लागतं. नसेल तर दहा-पंधरा टक्क्यांवर भागवावं लागतं. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढायला लागतं.

डोंगरात ड जीवनसत्त्व कमी पडतं असं म्हटलं की पहिला संशय उंचीवर येतो. पण उंची इथं मदतच करते. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, कारण वरची हवा विरळ असते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला पोचलेल्या माणसाच्या अंगावर, आभाळ निरभ्र असेल तर, खालच्यापेक्षा जास्तच अतिनील पडतं. दुसरा संशय दरीवर. कोयनेच्या आणि सोळशीच्या खोऱ्यांत सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो आणि लवकर बुडतो. पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ‘ब’ किरण जवळजवळ नसतातच, ते वाटेतल्या जाड हवेत आणि ओझोनमध्ये अडकून पडतात. म्हणजे दरीनं जे ऊन हिरावून घेतलं ते या कामाचं नव्हतंच. दुपारचं ऊन बामणोलीलाही पोचतं आणि तापोळ्यालाही.

तिसरा संशय अक्षांशाचा, आणि इथं सातारकर खरोखर भाग्यवान आहेत. एक सोपा ठोकताळा आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच कातडीत ड जीवनसत्त्व नीट तयार होतं. सावली लांब असेल तर ऊन कितीही प्रसन्न वाटलं तरी त्या कामाला उपयोगी नाही. सातारा साधारण पावणेअठरा अंश उत्तरेला आहे. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास तिथं सूर्य क्षितिजापासून जवळपास ४९ अंश वर असतो आणि पाच फुटी बाईची सावली साडेचार फुटांहून कमी पडते. त्याच दिवशी दिल्लीत सावली माणसापेक्षा लांब असते, श्रीनगरला तर दीडपटीहून लांब. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात एक दिवस असा येतो की दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. असा दुसरा दिवस जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर येतो, पण तेव्हा घाटमाथ्यावर सूर्यच दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या न दिसणाऱ्या सूर्यात पश्चिम भागाची अडचण आहे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, म्हणजे नेमक्या त्या काळात जेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि ‘ब’ किरण भरपूर असतात, घाटमाथ्यावर ढग जमिनीला टेकलेले असतात. विरळ ढगांतून अतिनील बऱ्यापैकी खाली येतं, पण मोसमी पावसाचे दाट ढग त्यातलं निम्म्याहून जास्त अडवतात. त्यात माणूस घराबाहेर पडतो तोच डोक्यावरून घोंगडं, इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन. भाताची लावणी करणाऱ्या बाईचे दिवसभर उघडे राहतात ते हात आणि पोटऱ्या, आणि पोटऱ्या चिखलात असतात.

रक्तात फिरणाऱ्या ड जीवनसत्त्वाचं प्रमाण, नवी भर पडली नाही तर, दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. चरबीत साठलेलं जीवनसत्त्व सावकाश सुटत राहतं म्हणून उतार इतका झपाट्यानं होत नाही. पण चार महिने हा मोठा काळ आहे. राब भाजायच्या, माळ साफ करायच्या एप्रिल-मेच्या उन्हात भरलेली ही कणगी गौरी-गणपतीपर्यंत तळाला लागते. ज्यांची ती मेमध्ये भरलीच नव्हती, म्हणजे म्हातारी माणसं, बाळंतिणी, खोलीत अंथरुणाला खिळलेली माणसं, त्यांची अवस्था आणखी वाईट होते.

तरीही डोंगर हेच कारण असतं तर पुणे, दिल्ली आणि तिरुपती यांनी निश्चिंत राहायला हवं होतं. तसं झालेलं नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी २४ टक्क्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, तीही बरीच सैल मर्यादा धरून. वय वाढतं तशी कमतरता वाढते, ही यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट आहे. रांगतं मूल अंगणात असतं, दहावीतली मुलगी वर्गात आणि क्लासमध्ये असते.

आणि हिमालयाकडं पाहिलं तरी तोच धडा मिळतो. २००७ साली काश्मीर खोऱ्यातल्या धडधाकट दिसणाऱ्या प्रौढांची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत ८३ टक्क्यांमध्ये कमतरता होती. त्यात हिवाळ्यातल्या तिरप्या सूर्याचा भाग आहे आणि फेरन या अंगभर झाकणाऱ्या झग्याचाही आहे. तिबेटच्या पठारावर तर अतिनील किरण पृथ्वीवरच्या कुठल्याही वस्तीइतके तीव्र, पण तिथल्या भटक्या पशुपालकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळलं, कारण थंडीमुळं त्यांचा चेहरा आणि हाताचे पंजे एवढंच उघडं असतं.

आपल्या महाराष्ट्रातला या विषयावरचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा दाखला नाशिकचा आहे. १९२२ साली एच. एस. हचिसन आणि एस. जे. शहा यांनी नाशिककडच्या मुलांमधल्या मुडदुसाविषयी, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजाराविषयी, लिहिलं. त्या वेळी युरोपात दोन तट होते. एक म्हणे मुडदूस निकृष्ट आहारानं होतो, दुसरा म्हणे उजेडाअभावी होतो. बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशानं मुलांचा मुडदूस बरा केला होता, आणि त्याच वर्षी लंडनच्या एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की कॉड माशाच्या यकृताचं तेलही तेच काम करतं. हचिसन आणि शहा यांना नाशिकला जे दिसलं ते या वादाला छेद देणारं होतं. हातावर पोट असलेल्या, दूधदुभतं क्वचित मिळणाऱ्या कष्टकऱ्यांच्या मुलांची हाडं सरळ होती, कारण ती मुलं आईबरोबर रानात, उघड्यावर वाढत होती. मुडदूस होता तो खाऊनपिऊन सुखी, पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुलांत. त्या घरांतल्या मुली तरुणपणी वाड्याच्या आतच राहायच्या, त्यांची ओटीपोटाची हाडं अरुंद व्हायची, आणि पुढं बाळंतपणात त्याची किंमत मोजावी लागायची.

त्याआधी तीस वर्षं, १८९० मध्ये, थिओबाल्ड पाम या डॉक्टरनं जपानातून इंग्लंडला परतल्यावर हीच शंका मांडली होती. पूर्वेकडच्या देशांत दारिद्र्य जास्त, तरी मुडदूस इंग्लंडच्या धुरकट शहरांतच का? त्यानं जगभरच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि उत्तर दिलं की ऊन. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९२२ साली एल्मर मॅकोलम यांनी या पदार्थाला ड हे नाव दिलं, १९२८ साली गॉटिंगेनच्या अ‍ॅडॉल्फ विंडाउस यांना यासंबंधीच्या कामासाठी नोबेल मिळालं, आणि पामचं म्हणणं खरं ठरलं.

नाशिकचा तो जुना निष्कर्ष पुण्यात पुन्हा तपासला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांचे दोन गट पाहिले. रोज मोकळ्यावर उन्हात खेळायला मिळणारी मुलं आणि दिवसभर घरात राहणारी मुलं. आर्थिक परिस्थिती जवळपास सारखीच. मुडदुसाची लक्षणं दुसऱ्या गटात दिसली. पुण्यातल्याच पुरुषांवरच्या दुसऱ्या एका पाहणीत असं दिसलं की रक्तातलं प्रमाण समाधानकारक राहायला रोज तासाभराहून जास्त दुपारचं ऊन अंगावर यावं लागतं. गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी युरोपातली पुस्तकं दहा-पंधरा मिनिटं सांगतात. आपल्या कातडीतलं मेलॅनिन तेच किरण शोषून घेतं, त्यामुळं आपल्याला वेळ जास्त लागतो. युरोपातले आकडे आपल्या वर्तमानपत्रांत जसेच्या तसे छापले जातात याचं मला वाईट वाटतं.

आता पुन्हा पूर्वेकडं, ऊन भरपूर असलेल्या भागात येऊ. तासगावच्या द्राक्षबागेत, खटावच्या कांद्याच्या रानात, कडेगावच्या उसात भर दुपारी काम करणारी बाई पाहा. लुगड्यावरून घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि तोंडाला बांधलेला रुमाल. हे ती हौसेनं करत नाही. उसाची पात अंग कापते, द्राक्षावरच्या फवारणीचं औषध कातडीला लागतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये चाळिशीच्या पुढं गेलेल्या तापमानात कातडी उघडी ठेवणं सहन होत नाही. पण आठ तास उन्हात राहूनही तिच्या कातडीला ऊन लागतं ते दोन पंज्यांपुरतं. साताऱ्याच्या राजवाड्यासमोरून किंवा सांगलीच्या विश्रामबागेतून स्कूटीवर जाणाऱ्या मुली सनकोट, हातमोजे आणि स्कार्फ घालून जातात. घाटमाथ्यावर ढग जे करतात ते इथं कापड करतं. आणि पाटणचे, जावळीचे जे तरुण मुंबईत माथाडी म्हणून गेले, त्यांचा दिवस गोदामाच्या छपराखाली आणि रात्र चाळीच्या खोलीत जाते.

घरोघरी रूढ झालेला एक समज इथं तपासायला हवा. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचं, ही पद्धत प्रेमाची आहे, बाळाला ऊब मिळते, मालिशीनं अंग मोकळं होतं. ती सोडायचं कारण नाही. पण सकाळी सात-आठच्या त्या उन्हात ‘ब’ किरण इतके तुटपुंजे असतात की ड जीवनसत्त्वासाठी त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ते काम दुपारचं ऊन करतं. तिरुपतीच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान हे रूपांतर सर्वांत जास्त होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात साडेनऊ ते साडेतीन, आणि डिसेंबरमध्ये साडेअकरा ते पावणेदोन एवढ्या वेळात सावली उंचीहून आखूड असते. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कितीही वेळ घेतलं तरी उपयोग नाही, काच ‘ब’ किरण अडवते. आणि पुरेसं झाल्यावर कातडी स्वतःच जास्तीचं तयार झालेलं मोडून टाकते, त्यामुळं उन्हानं ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही.

उन्हाच्या औषधीपणावर भर देणारी एक जुनी परंपरा सातारा-सांगलीतही आहे. १९०३ साली ऑग्युस्त रोलिए या डॉक्टरनं स्वित्झर्लंडच्या लेझां गावात क्षयरोग्यांना उघड्या सज्ज्यांत उन्हात झोपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नील्स फिन्सन यांना कातडीच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळालं. पाचगणीत १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर आरोग्यधाम उघडलं. मिरजेच्या वानलेस रुग्णालयाच्या डॉक्टरांनीही क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीला वेगळी व्यवस्था केली. पाचगणीची निवड डोळसपणे झाली होती. महाबळेश्वरपासून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला असूनही पाऊस तिथं तिसरा हिस्साच पडतो, म्हणून जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं बारमाही वस्ती वसवली. पावसाळा आला की इंग्रज महाबळेश्वर रिकामं करून खाली उतरायचे.

क्षयाच्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींना ड जीवनसत्त्व लागतं, हे २००६ साली प्रयोगशाळेत दिसलं, तेव्हा त्या जुन्या सज्ज्यांना शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं वाटलं. पण २०२० साली मंगोलियातल्या जवळपास नऊ हजार शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला हे जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा क्षयाची लागण त्यानं कमी झाली नाही. क्षयाला औषधंच लागतात. अमेरिकेत पंचवीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत रोज दोन हजार युनिट घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही. हे सांगणं गरजेचं आहे, कारण हल्ली थकवा, केस गळणं, उदासी, मधुमेह, सगळ्याला डी कमी आहे असं म्हणण्याची सवय लागली आहे. या जीवनसत्त्वाचं निश्चित सिद्ध झालेलं काम हाडं आणि स्नायूंचं आहे, आणि डोंगरात तेवढंही फार मोठं आहे.

पाटण किंवा जावळीतल्या चढावर राहणारी पन्नाशीची बाई सांगते की कंबर धरली, मांड्या भरून येतात, चुलीपुढून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. हे वाताचं दुखणं म्हणून वर्षानुवर्षं सोसलं जातं. हाडांत खनिज नीट न बसल्यानं ती मऊ पडतात, आणि ड जीवनसत्त्वाअभावी मांड्या-कमरेचे स्नायू दुबळे होतात, म्हणून बसल्या जागेवरून उठणं आणि चढ चढणं सर्वांत आधी अवघड होतं. सपाटीवर राहणाऱ्याला हे उशिरा कळेल. ज्या घरापासून पाण्याची वाट चढाची आहे तिथं ते लगेच कळतं. लहान मुलांत तेच मुडदुसाच्या रूपानं येतं: उशिरा चालणं, मनगटं जाड होणं, पाय वाकणं. अगदी तान्ह्या बाळाला रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेल्यानं झटके येऊ शकतात.

अशा बाळाची गोष्ट आईपासून सुरू होते. पावसाळ्यात दिवस भरलेली, अंधाऱ्या खोलीत सव्वा महिना शेक-शेगडीत काढणारी आई बाळाला ड जीवनसत्त्वाचा फारसा साठा देऊ शकत नाही. आईच्या दुधात ते मुळात अत्यल्प असतं. आईचं दूध बाळाचं सर्वोत्तम अन्न आहे, पण या एका बाबतीत त्याला जोड लागते. म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबरमध्ये जन्मणाऱ्या मुलांसाठी ही शिफारस मला इतर कुठल्याहीपेक्षा महत्त्वाची वाटते.

ड जीवनसत्त्वाबरोबर कॅल्शियमचाही विचार करावा लागतो. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर शरीर ड जीवनसत्त्व जास्त वेगानं खर्च करतं. म्हणजे कमी ऊन आणि कमी कॅल्शियम एकत्र आलं की दोन्हींचं नुकसान वाढतं. नुसता भात आणि पातळ आमटी खाऊन दिवस काढणाऱ्या घरात हे घडतं. डोंगरातल्या लोकांच्या हाती या बाबतीत जुना आणि चांगला आधार आहे, नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, इतर कुठल्याही धान्यात त्याच्या जवळपासही नसतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. रेशनचा तांदूळ-गहू आल्यावर ती मागं पडली, आता शहरात महाग होऊन परत येते आहे. पिकवणाऱ्यांच्या ताटात ती टिकली पाहिजे. धनगरवाड्यांवर दूध-ताक असतं, तीळ आणि सुकी मासळीही कॅल्शियम देते. मात्र दुधात ड जीवनसत्त्व असतं हा समज बरोबर नाही, नैसर्गिक दुधात ते नगण्य असतं. पिशवीवर ‘+एफ’ची निळी खूण असेल तर ते मुद्दाम मिसळलेलं असतं, खाद्यतेलाच्या पिशवीवरही ही खूण दिसते. अंड्याच्या बलकात आणि बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांत ते थोडंफार असतं. उन्हात वाळवलेल्या अळंब्यांतही त्याचं एक रूप तयार होतं.

गोळ्यांबद्दल मात्र काळजी घ्यायला हवी. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, सहा-आठ आठवडे, हा उपचार कमतरता खरंच असेल तर योग्य आहे. ती संपल्यावरही दुकानातून आणून वर्षभर चालू ठेवणं, त्यात मध्येच सहा लाखांचं इंजेक्शन घेणं, हे धोक्याचं आहे. उन्हानं विषबाधा होत नाही, गोळीनं होते. रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान आणि शेवटी मूत्रपिंडाचा त्रास सुरू होतो. निरोगी प्रौढाची रोजची गरज ६०० युनिटची आहे, हे मनात ठेवलं की या आकड्यांचं वजन कळतं. तपासणीच्या कागदावर ३०च्या खाली आलेला आकडा लाल अक्षरात छापून येतो आणि माणूस घाबरतो. पण बहुतेक निरोगी माणसांच्या हाडांसाठी रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम पुरतात, आणि ज्या अमेरिकी संस्थेनं २०११ साली ३०ची मर्यादा सुचवली होती तिनंच २०२४ साली ती मागं घेतली. लक्षणं नसलेल्या प्रत्येकानं ही महागडी तपासणी करण्याची गरज नाही.

खर्च न करता करण्यासारखं पुष्कळ आहे. नवरात्रानंतर आभाळ मोकळं होतं, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं आणि घाटमाथ्यावर हवा गार असते. रिकामी झालेली साठवण भरून काढायला हा सर्वांत चांगला काळ आहे. भात झोडताना, नाचणीची कणसं खुडताना दुपारी बाह्या वर सारल्या, म्हाताऱ्या माणसांना पडवीतून उचलून अंगणात पाठ उघडी करून बसवलं, तर तासाभरात चांगलं काम होतं. डोंगरी भागातल्या शाळांनी हिवाळ्यात मैदानाचा तास सकाळच्या धुक्यातून काढून मधल्या सुट्टीला जोडून ठेवावा. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही, एवढीच खबरदारी.

आणि गरोदर बायकांसाठी सरकारी व्यवस्था आधीपासूनच आहे. उपकेंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० युनिट ड जीवनसत्त्वही असतं. चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन गोळ्या घ्यायच्या असतात. आशाताई त्या घरपोच देतात, आणि अनेक घरांत त्या फळीवर तशाच पडून राहतात, कारण पोट जड होतं किंवा सासूबाई म्हणतात मूल मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल. तसं काही होत नाही. गोळी जेवणाबरोबर घेतली तर पोटाला त्रास कमी होतो. लोहाची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं, म्हणजे कॅल्शियमच्या दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर आणि लोहाची रात्री झोपताना.